त्या यानात ताटं कोण विसळते?

कॉलेजच्या दिवसांत आम्ही पाच-सहा पोरं नागपूरच्या बजाजनगरातल्या एका खानावळीत जेवायचो. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी रात्री सुट्टी, आणि वरणात पाणी किती यावर रोजचा वाद. एका रात्री आमच्यातला एकजण नुकत्याच वाचलेल्या विज्ञानकथेत पार बुडालेला होता. दोनशे वर्षं चालणारा प्रवास, यानात हजारो माणसं, यानातच शेती, यानातच शाळा, आणि शेवटी कुठल्याशा दूरच्या ताऱ्यापाशी मुक्काम. तो हातवारे करून सांगत होता. खानावळीच्या काकू उष्टी ताटं गोळा करता करता ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "ते सारं खरं आहे रे बाप्पा, पण त्या यानात ताटं कोण विसळते?"

आम्ही हसलो. एकजण म्हणाला, "रोबो, काकू!"

"मग त्याले पगार किती?" असं म्हणून काकू ताटांची चळत घेऊन मोरीकडे गेल्या.

तेव्हा तो विनोद वाटला होता. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं विज्ञानकथा आणि फँटसी वाचत आलो, आणि आता वाटतं की या साहित्यातलं राजकारण कळायला याहून सोपी किल्ली नाही.

राजकीय विचारसरणी म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यांपुढं दसरा येतो. १९२५ च्या दसऱ्याला इथं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथंच लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आजही त्या सुमारास एकीकडे संघाची रेशीमबाग, दुसरीकडे दीक्षाभूमी, मधले रस्ते बंद, आणि ऑटोवाला सांगेल ते भाडं. त्यामुळे विचारसरणी म्हणजे झेंडा, घोषणा, गणवेश, ग्रंथ असं काहीतरी लांबूनच ओळखू येणारं असतं, अशी आपली समजूत होते.

खरं तर गोष्ट त्याहून घरगुती आहे. जगाबद्दलचे चार-पाच प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं आपण मनात धरून बसलेले असतो. काम कोणी करायचं? मालकी कोणाची? निर्णय कोण घेणार? माणूस म्हणून कोणाकोणाला मोजायचं? आणि यातलं काय बदलता येतं, काय 'असंच असतं' म्हणून सोडून द्यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर आपण स्वतःलाही कधी सांगत नाही. ते अंगवळणी पडलेलं असतं.

नागपुरातल्या भाडेकरूवर कादंबरी लिहिणाऱ्याला ही उत्तरं तयार मिळतात. घरमालक असतोच, तो का असतो, हे लिहावं लागत नाही. नवा ग्रह रचणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं की या ग्रहावर घरभाडं असतं का. विचार न करता त्यानं पृथ्वीवरचं उचलून तिथं ठेवलं, तरी तेही एक उत्तरच झालं. प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जाणारं यान ज्याला सुचतं, त्याला त्याच यानात पोळ्या लाटणारा पुरुष सुचत नसेल, तर त्याचं राजकारण शोधायला इंजिनरूममध्ये जायची गरज नाही.

इथं एक गल्लत मात्र होऊ द्यायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. 'ईडा-पिडा घेऊन जा गे मारबत' असा गजर चालतो आणि सोबत बडग्यांची मिरवणूक असते. बडग्या दिसायला राक्षस, पण गळ्यात पाटी असते. कोणी महागाईचा, कोणी भ्रष्टाचाराचा, कोणी एखाद्या पुढाऱ्याचा. साहित्यात याला रूपककथा म्हणतात. जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' ही १९४५ सालची कादंबरी म्हणजे अव्वल दर्जाचा बडग्या. शेतावरचं कोणतं डुक्कर म्हणजे सोव्हिएत रशियातला कोणता नेता, हे शाळकरी पोरालाही लावता येतं. पण बहुतेक विज्ञानकथांच्या गळ्यात पाटी नसते. त्यांचं राजकारण त्या जगाच्या नियमांत मुरलेलं असतं, आणि म्हणूनच काकूंसारखा आडवा प्रश्न विचारावा लागतो.

सुरुवात जुन्यापासून करू. 'युटोपिया' हा शब्द थॉमस मोरनं १५१६ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या पुस्तकातून आला. ग्रीक शब्दांवरून घडवलेला. अर्थ 'कुठंही नसलेली जागा'. मोरच्या बेटावर खासगी मालमत्ता नाही, दारांना कुलपं नाहीत, कामाचे तास दिवसाला सहा, आणि सोन्याला किंमत इतकी कमी की त्याची रात्रीची भांडी करतात. मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून हाकलणाऱ्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे लिहिणं म्हणजे मोठीच हिंमत होती. आता विचारा काकूंचा प्रश्न. सामुदायिक भोजनगृहात स्वयंपाक बायका करतात, आणि तिथली जड, घाण कामं गुलाम करतात. जनावरं कापण्याचं काम तर शहराबाहेर, तेही गुलामांकडे. कारण काय, तर ते काम केल्यानं नागरिकांच्या मनातली दया आटेल. गुलामांच्या मनातल्या दयेचं काय, हे मोर सांगत नाही. सगळं उलथून टाकणाऱ्या माणसाचा हात नेमका मोरीपाशी येऊन थांबला.

साधारण त्याच काळात आपल्याकडे संत रविदासांनी एक शहर कल्पिलं. बेगमपुरा, म्हणजे जिथं गम नाही ते गाव. त्या पदात कराची चिंता नाही, भीती नाही, आणि एक ओळ आहे, 'दोम न सेम एक सो आही'. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचं तिथं कोणी नाही, सगळे सारखे. मोर पुढं इंग्लंडच्या राजाचा चॅन्सेलर झाला. रविदास चांभारकाम करत. एकच स्वप्न, पण ते कुठं बसून पाहिलं यावर त्यात काय दिसतं आणि काय निसटतं, हे ठरतं. बेगमपुऱ्याला कोणी विज्ञानकथा म्हणणार नाही हे मला कबूल आहे. पण आदर्श नगराच्या कल्पनेचा इतिहास फक्त युरोपातून सांगण्याची सवय आपण सोडायला हरकत नाही.

१८९५ साली एच. जी. वेल्सनं 'द टाइम मशीन'मध्ये काकूंचा प्रश्न थेट जमिनीखाली नेला. त्याचा प्रवासी सन ८०२७०१ मध्ये पोचतो. वर उन्हात गोजिरवाणी, निरुद्योगी एलॉय माणसं. खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉर्लॉक. मालक आणि मजूर इतकी वर्षं वेगळे राहिले की माणसाच्या दोन जाती झाल्या, आणि आता मॉर्लॉक रात्री वर येऊन एलॉयना खातात. वेल्स समाजवादी होता, हे सांगावं लागू नये.

पण या प्रश्नावर सगळ्यात थंड डोक्यानं विचार केला तो आल्डस हक्सलीनं, १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये. तिथं माणसं बाटल्यांत वाढवतात आणि जन्माआधीच त्यांची पाच थरांत वर्गवारी होते. सगळ्यात वर अल्फा, सगळ्यात खाली एप्सिलॉन. एप्सिलॉनच्या गर्भाला मुद्दाम प्राणवायू कमी देतात, म्हणजे डोकं वाढायला नको. वर झोपेत कानाशी एकच धडा: आपला थर किती छान, बाकीचे होणं किती वाईट. कोणी नाराज झालंच, तर गोळी आहे. तिचं नाव सोमा, वेदांतल्या सोमावरून घेतलेलं.

त्या जगाचा एक नियंत्रक सायप्रस बेटावरच्या प्रयोगाची हकिकत सांगतो. बेट रिकामं केलं, त्यावर बावीस हजार अल्फा नेऊन सोडले, जमीन आणि कारखाने दिले, आणि म्हटलं, चालवा आपापलं. सगळेच हुशार, ताटं कोणी विसळायची? ज्यांच्या वाट्याला हलकी कामं आली ते वरच्या कामांसाठी खटपटी करत राहिले, ज्यांना वरची मिळाली ते ती टिकवण्यासाठी. सहा वर्षांत यादवी युद्ध पेटलं. बावीसपैकी एकोणीस हजार मेल्यावर उरलेल्यांनीच विनंती केली की तुमचं राज्य परत आणा. म्हणून, नियंत्रक म्हणतो, समाज हा पाण्यातल्या हिमनगासारखा असावा: नऊपैकी आठ भाग खाली.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळंच काहीतरी आठवतं. १९३६ साली, म्हणजे या कादंबरीनंतर चारच वर्षांनी, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या गाजलेल्या, न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी मांडलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. नियंत्रकाची युक्ती आणि जातीचा युक्तिवाद यांत फरक किती? एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे शास्त्र. दोन्हीकडे म्हणणं एकच की कोणीतरी खाली असल्याशिवाय वरचं चालत नाही.

आता एक सावधगिरी. हे म्हणणं नियंत्रकाचं आहे, हक्सलीचं नाही. विज्ञानकथा वाचताना सगळ्यात जास्त पाय इथं घसरतात. पात्र जितकं मुद्देसूद बोलतं तितकं ते लेखकाचं मत वाटू लागतं. हक्सलीनं वाईट व्यवस्थेच्या तोंडी मुद्दाम चांगला युक्तिवाद दिला आहे. बिनडोक खलनायक उभा केला असता, तर वाचक 'आपलं काही असं नाही बुवा' म्हणून निर्धास्त झोपला असता.

उलटा डाव टाकला तो बंगालमधल्या रुकैया सखावत हुसैन यांनी. 'सुलतानाज ड्रीम' ही त्यांची इंग्रजी गोष्ट १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. त्यातल्या देशात बायका रस्त्यावर, कचेरीत, प्रयोगशाळेत. पुरुष पडद्याआड मर्दान्यात. विमानं आहेत, सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या धूर नसलेल्या चुली आहेत. पाहुणी स्वयंपाकघर बघायला जाते तेव्हा तिथल्या पुरुषांना बाजूला व्हायला सांगितलेलं असतं. एवढ्या एका तपशिलात काम झालं! वाचताना पुरुषाला गुदमरल्यासारखं वाटतं, आणि मग लक्षात येतं की आपण ज्याला रीत म्हणतो ते हेच, फक्त उलटं लावलेलं. विज्ञानकथेची ही जुनी युक्ती: नियम तोच ठेवायचा, तो ज्याला लागू होतो तो माणूस बदलायचा.

आता थोडं सावकाश जाऊ, कारण पुढच्या दोन कादंबऱ्यांत लोक फार घोळ घालतात. रॉबर्ट हाइनलाइनची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' १९६६ ची, उर्सुला ले ग्विनची 'द डिस्पझेस्ड' १९७४ ची. दोन्ही अमेरिकन. दोन्हींत वस्ती चंद्रावर आहे, हाइनलाइनकडे आपल्या, ले ग्विनकडे दुसऱ्या एका ग्रहाच्या. दोन्हींतल्या माणसांना सरकार नको आहे. तरी एक उत्तरेला जाते आणि एक दक्षिणेला.

हाइनलाइनचा चंद्र म्हणजे पृथ्वीची जुनी काळ्या पाण्याची वसाहत. तिथले लोक बोगद्यांत, बर्फाच्या पाण्यावर गहू पिकवतात आणि तो पृथ्वीला जातो. त्यातही मुख्यतः भुकेल्या भारताला. घेणारा एकच, प्राधिकरण. भाव तेच ठरवणार. हे वाचलं तेव्हा मला माझे मामा आठवले. ते सावनेरकडचे कापूस उत्पादक. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, बाहेर न्यायची बंदी. मध्य प्रदेशची सीमा हाकेच्या अंतरावर, तिकडे भाव बरा असला की रात्रीच्या बैलगाड्यांच्या गोष्टी मामा रंगवून सांगत. घेणारा एकच असेल तर पिकवणाऱ्याची मान त्याच्या हातात असते, हे मामांना कुठलं पुस्तक न वाचता माहीत होतं. शरद जोशींनी शेतकऱ्यासाठी खुला बाजार मागितला तो याच अनुभवावर बोट ठेवून. हाइनलाइनची कादंबरी तिथूनच सुरू होते: बंड करा, प्राधिकरण हटवा, ज्याला ज्याच्याशी सौदा करायचा तो करू द्या. त्या चंद्रावर श्वासाची हवासुद्धा विकत घ्यावी लागते आणि लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. 'फुकटचं जेवण नसतं' ही त्यांची म्हण. याला मुक्तिवाद म्हणा, किंवा टोकाचा बाजारवाद. ताटं कोण विसळते? ज्याला त्याचे पैसे मिळतात तो. आणि ज्याच्याकडे हवेचेही पैसे नाहीत त्याचं काय, इथं मात्र मामांचाही आवाज जरा खाली आला असता.

ले ग्विनच्या ॲनारेस या चंद्रावर सरकारही नाही आणि मालकीही नाही. तुरुंग नाही, पगार नाही, लग्नाचा कायदा नाही. याला अराज्यवाद म्हणतात. अराजक वेगळं, अराजक म्हणजे गोंधळ, अराज्यवाद म्हणजे वर कोणी हुकूम देणारा नसताना लोकांनी आपसांत ठरवून चालवलेला व्यवहार. आणि मौज अशी की या कादंबरीत काकूंचा प्रश्न खरोखरच विचारला जातो. शेवेक नावाचा भौतिकशास्त्रज्ञ शेजारच्या श्रीमंत ग्रहावर पाहुणा म्हणून जातो, तेव्हा तिथले लोक त्याला विचारतात, घाणेरडी कामं तुमच्याकडे कोण करतं? तो सांगतो, सगळेच, आळीपाळीनं. दहा दिवसांतला एक दिवस अशा कामांचा. खाणीसारखी धोक्याची कामं असली तर साधारण सहा महिने, मग दुसऱ्याची पाळी. पैसे नाहीत तर मग लोक करतात कशाला, असं त्याला विचारलं जातं. त्याला प्रश्नच नीट कळत नाही, कारण मिळून काम करण्यात मजा येते, शेजारी काय म्हणतील हेही असतं, एवढं त्याला पुरेसं वाटतं.

ॲनारेसची भाषाही वेगळी. मूल 'माझी आई' म्हणत नाही, नुसतं 'आई' म्हणतं. मालकी दाखवणारे शब्द बोलण्यात टाळायचे. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्येही सत्ता भाषेत हात घालते, तिथं मात्र शब्दच मारून टाकते, म्हणजे बंडाचा विचार करायलाच साधन उरू नये. या बाबतीत मराठी भाग्यवान. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा त्यात धरला की नाही, हे एका शब्दात कळतं. पुढाऱ्याच्या भाषणात 'आपण' कधी येतं आणि 'आम्ही' कधी, हे हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरकरानं एकदा मोजून पाहावं.

मला ले ग्विन जास्त आवडते, आणि कारण असं की तिनं आपल्या आवडत्या व्यवस्थेला सोडलेलं नाही. शेवेकला हळूहळू दिसतं की कायदा नसला तरी 'लोक काय म्हणतील' हा कायद्याहून कडक असतो. त्याचा वरिष्ठ दुसऱ्यांच्या संशोधनावर आपलं नाव लावतो, आणि हुद्देच नसल्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे? दुष्काळ पडतो तेव्हा उपाशी कोण राहणार त्याच्या याद्या कोणालातरी कराव्याच लागतात. सिद्धान्त मांडणारी पुस्तकं अशी अडचण पानाच्या खाली छोट्या अक्षरांत टाकतात. चांगली कादंबरी ती मधोमध आणून ठेवते.

फँटसीत आलं की अनेकांना हायसं वाटतं. तलवारी, ड्रॅगन, जादूगार. इथं कसलं आलंय राजकारण! पण पाहा ना, किती फँटसींचा शेवट एकच असतो. गादीचा खरा वारस सापडतो, सिंहासनावर बसतो आणि पावसासकट सगळं जागेवर येतं. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, १९५४-५५ च्या त्या तीन खंडांत, राजाच्या हाताला रोगी बरे करण्याचा गुण असतो. ज्याचं रक्त खरं तोच बरा राजा, ही कल्पना लोकशाहीत वाढलेले आपण डोळे पुसत गिळतो. उलट बाजूनं, शत्रूच्या सैन्यातले ऑर्क नावाचे राक्षस जन्मानंच दुष्ट. पुढं टोल्किनला स्वतःलाही हे खटकत राहिलं. त्यानं १९४३ साली मुलाला पत्रात लिहिलं होतं की आपला कल अधिकाधिक अराज्याकडे किंवा मग सरळ राजेशाहीकडे झुकतो आहे. दोन टोकं वाटतात, पण दोन्हींत फाइल फिरवणारा साहेब नसतो, आणि टोल्किनचा राग त्याच्यावरच होता.

आणि कथेचा नायक फ्रोडो जादूची अंगठी नष्ट करायला निघतो, त्या प्रवासात स्वयंपाक कोण करतं? सॅम. माळी, भांडी पाठीवर वाहणारा, मालकाला 'मिस्टर फ्रोडो' म्हणणारा. पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या साध्या सैनिकांवरून आणि अधिकाऱ्यांच्या अर्दलींवरून हे पात्र घडलं, असं टोल्किन सांगे. सॅमनं मालकाशी बरोबरी करावी असं त्याला वाटत नाही. पण मालक जिथं हरतो तिथं सॅम टिकतो, आणि पुढं सात वेळा महापौर म्हणून निवडून येतो. निवडून, वारसानं नाही. एकाच पुस्तकात राजाही आणि निवडणूकही, हे मला त्यातलं सगळ्यात खरं राजकारण वाटतं.

म्हणूनच ही पुस्तकं कोण कुठं घेऊन जाईल याचा भरवसा नसतो. साठच्या दशकात अमेरिकेतले युद्धविरोधी हिप्पी टोल्किनचे बिल्ले लावून फिरत. १९७७ साली इटलीत नवफासिस्ट तरुणांनी जे शिबिर भरवलं त्याचं नाव 'कॅम्पो हॉबिट'. एकाला त्यात झाडं दिसली, दुसऱ्याला वंश. ऑर्वेलचं तर आणखी नवल. आपण लोकशाही समाजवादाच्या बाजूनं लिहितो, असं तो स्वतः सांगत राहिला. आणि त्याच्या मृत्यूनंतर १९५४ साली 'ॲनिमल फार्म'चं जे कार्टून निघालं त्यामागचा पैसा अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा होता. शेवटही बदलला. पुस्तकात सत्ता बळकावलेल्या डुकरांकडे बाकीचे प्राणी खिडकीतून नुसते बघत राहतात. चित्रपटात ते उठाव करतात.

सगळीच फँटसी राजवाड्यात राहत नाही, हेही सांगायला हवं. टेरी प्रॅचेटच्या १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरचे आणि दहा वर्षं टिकणारे. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एक-दोन मोसमांत गळतात. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओलेच. गरिबी महाग का पडते, हे अर्थशास्त्राच्या कुठल्याही तासाला मला इतकं पटकन कळलं नव्हतं.

मराठीकडे यायचं तर जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्यावी; इंग्रजी रूपात ती अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानं अशा जगात जातात जिथं १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. मराठे पानिपत जिंकतात. पेशवे युरोपातलं विज्ञान ओळखून आपल्याकडे केंद्रं उभारतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई-कलकत्ता-मद्रासपुरती उरते, आणि विसाव्या शतकात देश आपणहून लोकशाहीकडे वळतो. कथेचा मूळ विषय शास्त्रीय: इवल्याशा फरकानं इतिहासाची वाट कशी फुटते. पण तिचे नियम पाहा. विज्ञान वेळेवर स्वीकारलं तर गुलामी टळते, स्वाभिमान आणि आधुनिकता हातात हात घालून चालतात. हा स्वातंत्र्यानंतरच्या विज्ञाननिष्ठ राष्ट्रवादाचा विश्वास आहे, आणि मला तो आवडतो.

मी ही गोष्ट नागपुरातल्या इंदोरा या दलितबहुल वस्तीत राहणाऱ्या एका मित्राला रंगवून सांगितली होती. त्यानं शांतपणे विचारलं, "पेशवाई आणखी दीडशे वर्षं चालली असती तर माझा पणजोबा कुठं असता बे?" मी म्हटलं, नारळीकरांचे पेशवे सुधारतात. तो म्हणाला, "सुधारतात, पण गोष्टीत तो भाग दिसत नाही ना." दोघांचंही बरोबर होतं. पर्यायी इतिहास लिहिणारा लेखक एक खिळा काढतो आणि बाकीची भिंत तशीच धरून चालतो. भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण उभे, त्यावर गोष्ट सुखाची की धास्तीची हे ठरतं. त्याच्या बाजूनं पानिपताची विज्ञानकथा अजून कोणीतरी लिहायला हवी. जाता जाता आठवलं: 'सिंहासन'सारखी राजकीय कादंबरी लिहिणारे, २००७ च्या नागपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अरुण साधू यांनीही 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. राजकारण आणि विज्ञानकथा यांची आळी एकच आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

'पूर्वी या गोष्टी निखळ करमणूक होत्या, आताच राजकारण घुसलं' अशी तक्रार हल्ली जगभर ऐकू येते. २०१५ साली विज्ञानकथा-फँटसीच्या ह्यूगो पुरस्कारांत याच भांडणातून एका गटानं ठरवून नामांकनं भरली, आणि बाकीच्या मतदारांनी चिडून पाच विभागांत 'कोणालाच नाही' असा कौल दिला. ज्यांना ही कटकट नवी वाटते त्यांनी जून १९६८ चा 'गॅलेक्सी' या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचा अंक आठवावा. त्यात समोरासमोरच्या पानांवर दोन जाहिराती होत्या. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं लढत राहावं म्हणणाऱ्या लेखकांची एक यादी, त्यात हाइनलाइन. युद्धाला विरोध करणाऱ्यांची दुसरी, तिच्यात ॲसिमॉव्ह आणि ले ग्विन. ताऱ्यांच्या गोष्टी लिहिणारी माणसं तेव्हाही कुठल्या पानावर आहेत, हे छापून सांगत होती.

काकूंचा दुसरा प्रश्न राहिला, पगाराचा. आमच्या मित्रानं 'रोबो' म्हणून विषय मिटवला होता, आणि बहुतेक विज्ञानकथाही तसाच मिटवतात. पण तो शब्द कुठून आला पाहा. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं 'आर.यू.आर.' हे नाटक लिहिलं. कारखान्यात बनवलेल्या कामगारांना काय म्हणावं हे त्याला सुचेना, तेव्हा चित्रकार भाऊ योसेफनं 'रोबोट' सुचवलं. 'रोबोता' या चेक शब्दावरून. त्याचा अर्थ वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबणं. नाटकात हे रोबोट शेवटी बंड करतात आणि पृथ्वीवरची सगळी माणसं मारतात. अल्क्विस्ट नावाच्या एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात. तो बांधकामावरचा माणूस असतो, आणि रोबोटांचं म्हणणं असं की हा आपल्यासारखाच हातांनी काम करतो.